जुन्या मोटारीची बॉडी, नव्या पिकअपची चेसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, विटा, कऱ्हाड, फलटण, वाई या पट्ट्यात कुणाच्या वाड्याच्या देवडीत, कुणाच्या शेतातल्या शेडमध्ये अजून जुन्या मोटारी उभ्या आहेत. त्यांच्या मालकांकडून आणि मेस्त्रींकडून येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण बॉडीचा पहिला बोल्ट सोडण्याआधी प्रश्न ४ ते ७ वाचा.

१. बॉडी दुसऱ्या चेसिसवर बसवायची म्हणजे नेमकं काय करतात?

जुन्या मोटारी दोन भागांत बनायच्या. खाली दोन लांब लोखंडी चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिस. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, हाऊसिंग (मागचा अ‍ॅक्सल), स्टेअरिंग सगळं तिच्यावर. वर पत्र्याची बॉडी, बोल्टनी आवळलेली. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. तिच्याखाली अलीकडच्या पिकअपची किंवा जीपवर्गातल्या गाडीची चेसिस तिच्या इंजिन-ब्रेकसकट सरकवायची, असा हा उद्योग. इथे ही खालची गाडी म्हणजे बोलेरो, सुमो, झेनॉन, डी-मॅक्स या मापाची. टाटा ४०७ किंवा आयशर या कामाला फार जड आणि उंच पडते.

अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. तिथे १९४७ नंतरच्या शेवरोलेट पिकअपखाली एस-१० या छोट्या पिकअपची चेसिस घालतात. कारण सरळ आहे: अर्ध्या टनाच्या जुन्या पिकअपचा व्हीलबेस ११६ इंच आणि लांब हौद्याच्या एस-१० चा ११७.९ इंच. दोन इंचांचाच फरक. आपल्याकडे व्हिडिओ पाहून जे विचारतात, त्यांनी ही जुळणी नशिबाने मिळालेली आहे हे ध्यानात घ्यावं. आपल्याकडच्या गाड्यांची मापं प्रश्न ८ मध्ये आहेत.

२. यात फायदा काय? जुनी चेसिस दुरुस्त होत नाही का?

फायदे खरे आहेत. डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, बाजारात मिळणारे सुटे भाग, घाट चढणारं इंजिन. फोर्ड मॉडेल ए ला ब्रेक सळ्यांवर चालणारे होते, ऑइल ब्रेक नव्हतेच. तशा गाडीतून पसरणी घाट उतरायचा तर चालवणारा निष्णात हवा.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'होते' असं आहे. जुनी चेसिस बहुधा साध्या पोलादाच्या सी-चॅनलची आणि रिव्हेट मारलेली असते. तिला वाक आला असेल तर काढता येतो, गंजलेला तुकडा कापून नवा बसवता येतो, ढिल्या रिव्हेट काढून नेमक्या मापाचे ८.८ ग्रेडचे बोल्ट घालता येतात. महामार्गालगत ट्रकच्या चेसिस सरळ करणाऱ्या शेड आहेत. त्यांना हे काम रोजचं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून याच मातीत उभा आहे. लेथ, फौंड्री, फॅब्रिकेशन जाणणाऱ्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. माझं मत स्पष्ट आहे: बॉडी आणि तिची मूळ चेसिस दोन्ही हाताशी असतील तर त्यांना वेगळं करू नका. नुसती बॉडी उरली असेल, खालचं सगळं कधीच भंगारात गेलं असेल, तर मात्र हा विचार जरूर करा.

३. आमच्याकडे पद्मिनी आहे (काहींकडे अ‍ॅम्बेसेडर). तिची बॉडी बोलेरोवर बसेल का?

नाही. फियाट ११००, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या गाड्यांना खाली वेगळी चेसिसच नाही. फ्लोअर, सिल, खांब आणि टप मिळूनच गाडीची ताकद बनते. तिच्याखाली शिडीची चेसिस घालायची तर फ्लोअर कापावा लागतो, आणि फ्लोअर कापला की वरचं सगळं ढिलं पडतं. शिवाय गाडी वीतभर उंच होते. त्या गाड्यांचं इंजिन, ब्रेक, पाटे मूळ जागी चांगले दुरुस्त होतात, तेच करा.

ओळखायची खूण: गाडीखाली झोपा आणि पुढच्या बंपरपासून मागपर्यंत सलग जाणारे दोन चॅनल दिसतात का बघा. बॉडी आणि चॅनल यांच्यामध्ये बोल्ट आणि रबर, कॅनव्हास किंवा चामड्याचे तुकडे दिसले तर बॉडी सुटी आहे.

४. अशी गाडी आरटीओ पास करेल का? रस्त्यावर चालवता येईल का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि इथे कुणाचीही आशा उगाच वाढवणं बरोबर नाही.

कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख चेसिस नंबरावर ठरते. तुम्ही १९४७ ची शेवरोलेट बॉडी बोलेरोच्या चेसिसवर बसवलीत, तर कागदावर ती गाडी बोलेरोच राहते, रूप बदललेली बोलेरो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

'ओळखीचा एजंट आहे, करून देतो' असं सांगणारे एमएच-१० ला भेटतील, एमएच-११ ला भेटतील आणि एमएच-५० लाही. एजंट कागद फिरवू शकतो. चेसिसवर कोरलेला नंबर आणि वर बसलेली बॉडी यांचा मेळ त्याला घालता येत नाही. तपासणीत अधिकारी गाडीभोवती एक फेरी मारतो तेव्हाच सगळं उघड होतं.

नवीन गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुन्याची चाचणी होऊन मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. ती वाट गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. एकट्या हौशी माणसाला एका गाडीपायी ती झेपणारी नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज द्या, काय करायचं आहे ते साध्या भाषेत लिहा, आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'बघू, आणा गाडी' याला काही किंमत नाही. लेखी परवानगी हातात नसेल तर ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही असं धरूनच पुढचे प्रश्न वाचा.

५. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' नंबर मिळतो ना? आमची बॉडी तर १९३८ ची आहे.

बॉडी १९३८ ची असली तरी गाडी १९३८ ची राहत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र आहे. चेसिस बदलली की पात्रता तिथेच संपते.

मूळ चेसिस असेल तर हा रस्ता चांगला आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र व्हीए गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. मूळ चेसिस भंगारात घालण्याआधी एवढा एक परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

६. जुन्या चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या चेसिसवर वेल्ड केला तर?

करू नका, कुणाला करू देऊ नका. चेसिस नंबर बदलणं, घासणं, दुसरीकडे चिकटवणं हा बनावटीचा फौजदारी गुन्हा होतो. तपासात खाली पुसलेला नंबर सापडला तर गाडी चोरीची समजून जप्त होते आणि मग खरी बिलं दाखवूनही वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहते. जो मेस्त्री हे 'साधं काम' म्हणून सुचवतो, त्याच्याकडे बाकीचं कामही देऊ नका.

७. मग रस्त्यावर नेता येत नसेल तर एवढा खटाटोप करायचा कशाला?

खासगी, बंदिस्त जागेत फिरवायला, संग्रहात उभी करायला, चित्रीकरणाला. वाई आणि मेणवलीच्या परिसरात चित्रीकरणं सतत चालू असतात. जुन्या काळाचा प्रसंग असेल तर दिवसभर न रुसता दहादा चालू होणारी जुनी मोटार हवी असते. तिथे आधुनिक इंजिनाची, नुसतं रूप जुनं असलेली गाडी कामाची ठरते. ती जागेवर न्यायची ती कार कॅरिअरवर चढवून, रस्त्यावरून चालवत नाही.

एक मेख लक्षात ठेवा. कायद्यातली 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती कोणतीही जागा. स्वतःच्या मळ्याच्या कुंपणाच्या आत आणि गावच्या जत्रेच्या मैदानात हाच फरक आहे.

८. कोणत्या गाडीची चेसिस घ्यावी?

आधी टेप घ्या, मग गाडी शोधा. तीन मापं ठरवतात.

पहिलं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. फोर्ड मॉडेल ए चा १०३.५ इंच, म्हणजे २६२९ मिमी. शेवरोलेट फ्लीटमास्टरचा (१९४६ ते १९४८) ११६ इंच, म्हणजे २९४६ मिमी. १९५५ ते १९५७ च्या बेल एअरचा ११५ इंच, म्हणजे २९२१ मिमी. आता समोरची बाजू: सुमो २४२५ मिमी, जुनी सफारी २६५०, बोलेरो आणि जुनी स्कॉर्पिओ २६८०, जुनी इनोव्हा २७५०, डी-मॅक्स व्ही-क्रॉस ३०९५, झेनॉन ३१५०. मॉडेल ए ला सफारी २१ मिमीने आणि बोलेरो ५१ मिमीने जवळ येते. फ्लीटमास्टरला मात्र यातलं काहीच थेट जुळत नाही: बोलेरो साडेदहा इंच तोकडी, व्ही-क्रॉस जवळजवळ सहा इंच लांब. तिथे प्रश्न ९ सुरू होतो.

दुसरं माप बहुतेकजण घेतच नाहीत आणि तेच सगळ्यात महागात पडतं: पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून फायरवॉलपर्यंतचं (इंजिन आणि डॅश यांच्यामधल्या पत्र्याच्या पडद्यापर्यंतचं) अंतर. जुन्या मोटारीत इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे असायचं, म्हणून बॉनेट लांब आणि फायरवॉल मागे. नव्या गाड्यांत इंजिन पुढे सरकलेलं असतं. व्हीलबेस जुळला आणि हे अंतर जुळलं नाही, तर चाक मडगार्डच्या कमानीच्या मध्यात बसत नाही, किंवा स्टेअरिंगचा दांडा भलतीकडूनच आत येतो.

तिसरं चाकांमधली रुंदी. जुन्या बॉडी अरुंद. नव्या गाडीचे टायर मडगार्डच्या बाहेर डोकावू लागले की गाडी बेढब दिसते, आणि वळताना टायर पत्र्याला घासतो. टायर-रिंग बदलून थोडं सावरता येतं, पण दोन्हीकडून दोन-दोन इंच बाहेर असेल तर ती चेसिस सोडून द्या.

मापं घेताना गाडी सपाट कोब्यावर उभी करा, चारी चाकांखाली सारखी उंची, आणि ओळंब्याने मध्य जमिनीवर उतरवून खडूने खुणा करा. हवेत टेप धरून घेतलेल्या मापात बोटभर फरक सहज पडतो.

९. चेसिस कापून लहान-मोठी करता येते का?

येते, पण हे काम प्रत्येक वेल्डरचं नाही.

साध्या पोलादाच्या चेसिसला जोड देता येतो. अलीकडच्या बऱ्याच चेसिस उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. त्यांना उष्णता लागली की जोडाच्या शेजारची पट्टी कमकुवत होते आणि तडा जोडावर न जाता जोडाच्या बाजूला जातो. म्हणून उत्पादक गाडीची बॉडी बांधणाऱ्यांसाठी देतो त्या 'बॉडी-बिल्डर' सूचना मिळवा. त्यात कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं नाही हे दिलेलं असतं.

सरळ आडवा काप कधीही देऊ नका. काप तिरका किंवा पायरीचा द्यायचा, म्हणजे जोड एकाच रेषेत येत नाही. आतून किंवा बाहेरून टोकं निमुळती केलेली जोडपट्टी लावायची. पट्टीचं टोक चौकोनी ठेवलं तर ताण नेमका तिथे साठतो. गॅस कटर वापरू नका, ग्राइंडरने कापा. वेल्डिंग मिगने, कडा नीट उतार देऊन, आरपार भरून. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही. लागलंच तर उभ्या बाजूच्या मध्याजवळ, कारण वाकण्याचा ताण तिथे सर्वांत कमी असतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि कंट्रोल युनिटचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) जोड काढा, आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट शोधतो.

कुपवाडच्या एका शेडमध्ये असं काम नीट होताना मी पाहिलं आहे. मेस्त्रीने कापण्याआधीच चेसिसच्या चार कोपऱ्यांत सेंटर पंचने बिंदू मारले होते आणि कोपऱ्याकोपऱ्यांतली तिरकी मापं दारावर खडूने लिहून ठेवली होती. प्रत्येक टाक्यानंतर तो टेप लावायचा. तिरक्या मापांत अर्धा सूत फरक आला की थांबायचा, लोखंड गार होऊ द्यायचा, मग समोरच्या बाजूला टाका. संध्याकाळपर्यंत दोन्ही तिरकी मापं एका ठिकाणी आली तेव्हा त्याने दारावरचा खडू पुसला. ज्याच्याकडे काम देणार आहात त्याला तिरक्या मापांबद्दल विचारा. तो काय बोलतो त्यावरून तुम्हाला कळेल.

चेसिस लहान-मोठी झाली की प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून मागच्या हाऊसिंगपर्यंतचा फिरता दांडा) बदलतो. तो कापून नुसता जोडायचा नाही, बॅलन्सही करून घ्यायचा. ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबलसुद्धा त्याच मापाने बदलतात.

१०. चेसिससाठी जुनी बोलेरो घेतोय. काय बघू?

सांगली जिल्ह्यात पहिला प्रश्न एकच: गाडी पुरात होती का? २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णा-वारणेच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. वरून धुतलेल्या गाडीच्या चेसिसच्या बंद पेटीत मात्र गाळ तसाच बसतो आणि पत्रा आतून खातो. चेसिसच्या खालच्या निचऱ्याच्या भोकात तार घालून ओढा. टोकाला बारीक वाळलेला चिखल आला तर गाडी सोडा. सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा. छोट्या हातोडीने चेसिसवर टकटक करत जा. खणखणीत आवाजाच्या मध्येच भद्द आवाज आला तर तिथे गंज आहे. कोकण किनाऱ्यावर राबलेल्या गाडीलाही हीच तपासणी. जत, आटपाडी, माणकडच्या गाड्यांच्या चेसिस त्या मानाने कोरड्या मिळतात.

कागद: भंगारातून आलेल्या चेसिसचा नंबराचा भाग बहुधा कापून आरटीओकडे जमा केलेला असतो, कारण गाडी मोडीत काढताना नोंदणी रद्द करतात. अशी चेसिस पुन्हा नोंदली जात नाही. खासगी जागेतल्या गाडीसाठीही विक्रेत्याचं बिल आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

११. बॉडी उचलली की दारं बसेनाशी होतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. चेसिसवरून सुटलेली बॉडी मधोमध खचते, विशेषतः चार दारांची आणि त्याहून जास्त उघड्या टपाची. उचलण्याआधी आतून एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा टाका: पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवा, दाराच्या प्रत्येक चौकटीत तिरपा, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा. दारं लावलेली असतानाच हे करा आणि दाराभोवतीची फट जागोजागी मोजून लिहा. मग चेन ब्लॉकने चार ठिकाणांहून सारखं उचला. एका बाजूने जॅक लावून उचललेली बॉडी जन्मभर तिरकी राहते आणि मग पेंटर लांबी (पुट्टी) भरून फटी झाकतो. अशी लांबी दोन उन्हाळ्यांत तडकते.

१२. पत्र्याच्या आत लाकूड निघालं. हे काय?

घाबरू नका, ते मूळचंच आहे. त्या काळच्या अनेक बॉडी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेल्या. जनरल मोटर्सच्या गाड्यांतही १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाकूड सापडतं, आणि मुंबईत शिवडीला १९२८ पासून जोडल्या गेलेल्या शेवरोलेट याच घरातल्या. लाकूड कुजलं असेल तर बॉडीला ताकदच नाही, चेसिस कोणतीही असो. आधी सुतार, मग वेल्डर. जुना तुकडा कुजका असला तरी फेकू नका. नव्याचा साचा तोच आहे. बदलायला जुनं, मुरलेलं सागवान घ्या. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया या कामाला उत्तम. लाकडाजवळ वेल्डिंग करताना ओली गोणपाटं आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

१३. बॉडी आणि चेसिस थेट वेल्ड केली तर चालेल का?

नाही. चालताना चेसिस पिळवटते. मध्ये रबर असेल तर तो पीळ रबर घेतो, नसेल तर पत्रा घेतो आणि दाराच्या खांबाच्या बुडाशी तडे जातात. चेसिसवर ब्रॅकेट बसवा, ब्रॅकेटवर रबरी बुश, त्यावर बॉडी, मधून बोल्ट. उंची जुळवायला पातळ पत्र्याच्या चकत्या घाला आणि त्या घालताना दारांच्या फटी बघत राहा (प्रश्न ११ ची मापं इथे लागतात).

१४. स्टेअरिंग कसं जोडायचं?

आधुनिक स्टेअरिंग बॉक्स आणि जुन्या डॅशमधला दांडा एका रेषेत येत नाहीत, म्हणून दोन जॉइंट लागतात. एका जॉइंटला ३० अंशांहून जास्त वाक देऊ नका. दोन्ही जॉइंटचे काटे एकाच दिशेत बसवा, नाहीतर स्टेअरिंग एका फेऱ्यात हलकं-जड होत राहतं. तीन जॉइंट लागत असतील तर मधल्या दांड्याला आधाराचं बेअरिंग हवंच. दांडा वेल्ड करून लांबवणं मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. आत सरकणारा, धडकेत दबणारा मूळ दांडा टिकवा.

१५. पिकअपची चेसिस घेतली आणि गाडी दणके देते, ब्रेक मारला की मागची चाकं जाम होतात.

दोन्हीचं मूळ एकच: चेसिस माल वाहायला बनली आहे आणि वर बसली आहे हलकी बॉडी. मागचे पाटे टनभर मालासाठी असतात. पाट्यांच्या कामाचा जाणकार काही पाटे काढून किंवा नवे मऊ पाटे बनवून देतो; मात्र आधी गाडीचं पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं काट्यावर करून घ्या. साखर कारखान्याचा किंवा बाजार समितीचा वजनकाटा चालतो.

ब्रेकसाठी अनेक पिकअपमध्ये मागच्या हाऊसिंगजवळ वजनानुसार प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, एका दांडीने हाऊसिंगला जोडलेला. पाटे किंवा उंची बदलली की त्या दांडीची स्थिती बदलते. मग रिकाम्या गाडीलाही 'माल भरलाय' असं समजून तो मागे जास्त प्रेशर सोडतो. तो उत्पादकाच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्या. चाचणी मोकळ्या आवारात, कमी वेगाने.

१६. जुने मीटर, दिवे, हॉर्न तसेच चालतील का?

बऱ्याच जुन्या मोटारी ६ व्होल्टच्या. फोर्ड आणि क्राइसलर घराण्यातल्या (डॉज, प्लिमथ, डिसोटो) गाड्यांत १९५५ पर्यंत बॅटरीचा धन टोकाचा अर्थ असायचा. आजच्या गाड्यांत ऋण टोकाचा. बल्ब १२ व्होल्टचे घाला. मीटरना व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर लावा. गाडी धन अर्थची असेल तर अँपिअर मीटरच्या वायरी उलट करा. जुनं वायरिंग कापडी असेल तर त्याच्यावर एकही वायर जोडू नका, नवीनच टाका.

नव्या चेसिसचं इंजिन कंट्रोल युनिटवर चालत असेल तर किल्ली, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), मीटर आणि पेडलचा सेन्सर सगळं एकाच गाडीचं उचला. एक तुकडा सुटला तर इंजिन चालूच होत नाही.

१७. चेसिस नवी, पण इंजिन जुनं ठेवायचं आहे. जमेल?

तांत्रिक बाजूने जमतं: फाउंडेशनचे ब्रॅकेट, रेडिएटर आणि शाफ्ट नव्याने बनवावे लागतात. पण अशा गाडीत जुन्याचा त्रास राहतो आणि नव्याचा फायदा मिळत नाही. नव्या चेसिसच्या ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, त्याला पुरेसा व्हॅक्यूम मिळाला नाही तर पेडल दगडासारखं होतं. इंजिन चांगलं असेल तर त्याला त्याच्याच चेसिसवर ठेवा (प्रश्न २).

१८. लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येईल का?

रस्त्यावरून वरात नाही: प्रश्न ४. व्हीए नंबरवाली अस्सल गाडीसुद्धा धंद्याला चालत नाही: प्रश्न ५. कॅरिअरवरून आणून कार्यालयाच्या लॉनवर फोटोपुरती उभी करायला हरकत नाही.

१९. विमा मिळतो का?

पॉलिसी चेसिस नंबरावर निघते, म्हणून बोलेरोच्या नंबरावर बोलेरोची पॉलिसी कुणीही देईल. अपघात झाल्यावर सर्व्हेअर येतो आणि समोर बोलेरो नसते. स्वतःच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो. तिऱ्हाईताला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते. बदल लेखी न कळवता घेतलेल्या पॉलिसीवर विसंबू नका.

२०. मूळ चेसिस गंजलीय, जागा अडवते. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊ का?

देऊ नका. तेल पाजा, ताडपत्रीखाली विटांवर आडवी ठेवा. नंबराच्या जागेवर ग्रीस लावून फोटो काढून ठेवा, सोबत जुनी आरसी. उद्या घरातल्या कुणाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर व्हीए नोंदणीचा हक्क त्या चेसिससोबतच आहे. म्हणूनच बॉडी नव्या चेसिसवर बसवतानाही मूळ बोल्टची भोकं वापरा, बॉडी कमीत कमी कापा, आणि कापलेला प्रत्येक तुकडा खूण करून ठेवा.

२१. विलीज जीपची बॉडी बोलेरोच्या चेसिसवर बसवलेली गाडी विकत मिळतेय, कागद 'क्लिअर' आहेत. घेऊ का?

अशा जीपा आपल्याकडे पुष्कळ फिरतात. कोणता कागद क्लिअर आहे ते आधी बघा. आरसी बोलेरोची असेल तर प्रश्न ४ लागू, आणि मालक बदलला की जबाबदारीही तुमच्याकडे येते. आरसी १९४० च्या दशकातल्या जीपची असेल आणि खाली बोलेरोची चेसिस असेल, तर त्या आरसीवरचा नंबर गाडीवर नेमका कुठे आणि कसा आला ते बघा. बहुधा उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे. विलीजचा व्हीलबेस ८० इंच आणि बोलेरोचा १०५ इंचांहून जास्त. म्हणजे मध्ये दोन फुटांहून जास्त चेसिस कापलेली किंवा बॉडी लांबवलेली असणार. गाडी रॅम्पवर घ्या, जोड कुठे आहे ते शोधा आणि प्रश्न ९ शी ताडून पाहा. विक्रेता रॅम्पवर न्यायला तयार नसेल तर बयाणा देऊ नका.